घरी विचारून कळवतो

वृषभ मगदूमचं एम.टेक. नुकतंच झालं होतं आणि लोखंडाच्या ओतकामातलं त्याला एवढं कळायचं, की अडलं की प्राध्यापकच त्याला हाक मारायचे. फक्त समोर अनोळखी माणूस खुर्ची टाकून बसला की ह्याची दातखीळ बसायची. कोल्हापूर जिल्ह्यात जन्माला येऊन असं मुखदुर्बळ निघावं, ह्याला काय म्हणायचं? इथं एसटीत शेजारी बसलेल्या माणसाचं आजोळसुद्धा उतरायच्या आत कळतं. आणि हा पठ्ठ्या कंडक्टरला गावाचं नाव सांगतानाही घसा खाकरायचा.

कॉलेजात आलेल्या पहिल्या कंपनीनं त्याला म्हटलं, "स्वतःबद्दल सांगा."

हा म्हणाला, "विचारा की."

त्यांनी पुन्हा तेच म्हटलं. ह्यानंही पुन्हा तेच म्हटलं. मुलाखत संपली. दुसऱ्या कंपनीच्या वेळी काही झालं तरी गप्प बसायचं नाही असं ठरवून गेला, आणि प्रत्येक प्रश्नाला "व्हय" म्हणत सुटला. लवकर राग येतो का, ह्यालाही व्हय. कामाचा कंटाळा येतो का, ह्यालाही व्हयच.

आता शिरोलीच्या एका पंप कारखान्यातून बोलावणं आलं होतं. ओतकामात नवीन प्रयोग करायला त्यांना माणूस हवा होता. वृषभला आयुष्यात हवं होतं ते नेमकं हेच. ही नोकरी हुकली तर पुण्याला जाऊन दारोदार मुलाखती देत हिंडायचं, आणि पुण्यात तर सगळीच माणसं अनोळखी.

"त्यात काय अवघड हाय?" रत्नाबाई आत्या म्हणाली. "मुलाखत म्हंजे बघायचा कार्यक्रमच की. आण माझ्याकडं पोराला."

आत्या म्हणजे वृषभचे वडील तात्यासो यांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून माहेरी हातकणंगल्यालाच राहायची. तालुक्यातली निम्मी लग्नं तिनं जुळवलेली. मुलगा असो वा मुलगी, समोर बसवून दोन प्रश्नांत माणसाचं पाणी जोखायची. तिच्या तालमीत आता पुतण्या आला.

रोज संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली की, बाहेरच्या सोप्यात मुलाखत भरायची. आत्या खुर्चीवर आणि शेजारी तात्यासो. त्यांना नुसती मान हलवायची परवानगी होती. वृषभनं बाहेरून चालत यायचं, नमस्कार करायचा, बसायचं. समोर पोह्यांची बशी. आम्हा जैनांत कांदापोहेसुद्धा बिनकांद्याचे, पण बशीशिवाय कार्यक्रम कसला?

"बशी समदी संपवायची न्हाय. हावरट वाटतंय. मान वर. पाय हलवू नगं. आता सांग, तू कोण?"

वृषभ सांगायचा. चुकला की परत दारातून चालत यायचं. हळूहळू पोराचा घसा मोकळा झाला, हे मात्र कबूल करायला हवं. आत्यानं सगळ्यात जास्त घोटून घेतलं ते शेवटचं वाक्य.

"त्यांनी पसंत हाय म्हणलं, तरी लगेच व्हय म्हणायचं न्हाय. लगेच व्हय म्हणलं की समोरच्याला वाटतंय, ह्याच्यात कायतरी खोट हाय. काय म्हणायचं?"

"घरी विचारून कळवतो."

"शाब्बास."

तात्यासोंनी मान हलवली.

मुलाखतीला कारखान्याचे मालक शशिधर हुक्केरी स्वतः बसले होते. शेजारी माणसं नेमायचं काम बघणाऱ्या विद्याश्री मॅडम. मॅडमनी स्वतःबद्दल सांगा म्हटलं, आणि वृषभ सुरू झाला. गाव हातकणंगले, मामांचं आडनाव चौगुले, उंची पाच फूट आठ इंच, रंग निमगोरा, निर्व्यसनी, स्वभाव मनमिळाऊ. मॅडमनी पेन खाली ठेवलं. पण शशिधर कर्नाटकच्या सीमेकडचे, चार लग्नं जमवलेले गृहस्थ. त्यांना हे सगळं योग्य क्रमानं चाललंय असंच वाटलं.

"ओतीव मालात भोकं का पडत्यात?" त्यांनी विचारलं.

तिथं मात्र वृषभ खुलला. वाळूत ओल राहिली की वाफ कशी होते, तिला जायला वाट मिळाली नाही की ती लोखंडातच कशी अडकते, हे त्यानं हातवारे करून सांगितलं. पाय हलत होते, त्याचंही भान राहिलं नाही. शशिधर खूश झाले.

"पोरगं झक्कास हाय. कधीपासून येतोस?"

आणि वृषभच्या तोंडून, त्याला विचार करायची संधीही न देता, बाहेर पडलं, "घरी विचारून कळवतो."

मॅडमनी विचारलं, "दुसरीकडून पण ऑफर आहे का?"

"स्थळं येत असत्यात," वृषभ म्हणाला. हेही आत्याचंच शिकवलेलं.

शशिधरांचा चेहरा उतरला. "उद्या दुपारपर्यंत सांग. न्हायतर गारगोटीचा एक पोरगा तयार हाय, त्याला बोलवतो."

घरी ऐकल्यावर तात्यासोंनी पहिल्यांदाच तोंड उघडलं, आणि ते काय बोलले ते इथं न लिहिलेलं बरं. वृषभ म्हणाला, आत्ताच्या आत्ता फोन करतो. आत्यानं फोन काढून घेतला.

"फोनवर व्हय म्हणत्यात व्हय कुठं? उद्या घर बघायला जायाचं."

"आत्या, कारखाना हाय तो!"

"मग कारखाना बघू. तिथंच नांदायचं हाय न्हवं तुला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं शिरोलीला पोचले. रिकाम्या हातानं जायचं नसतं म्हणून आत्याकडं केळ्यांचा घड. फाटकावरच्या चन्नवीर नावाच्या वॉचमनला तिनं त्यातली दोन केळी दिली आणि चौकशी सुरू केली. मालक पितात का? माणसं टिकतात का? समोरच्या चहाच्या गाडीवरही तेच. मग आत शिरून पिण्याचं पाणी कुठं असतं ते पाहिलं, आणि संडासचं दार उघडून नाक मुरडलं. भट्टीवरची माणसं काम थांबवून बघायला लागली. वृषभला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

शेवटी वरात शशिधरांच्या केबिनमध्ये गेली. आत्यानं घड टेबलावर ठेवला.

"आमचा पोरगा मऊ हाय. तुमचा स्वभाव तापट हाय म्हणत्यात."

"कोण म्हणतंय?" शशिधर गरजले.

"आता कुणी म्हणायची गरजच ऱ्हायली न्हाय. आदीचा माणूस का सोडून गेला?"

"अक्का!" शशिधर उभे राहिले. "मी नोकरी देतोय, सोयरीक न्हाय करत! गारगोटीचा पोरगा बोलावला की लगेच येतोय. एवढी चौकशी कशापायी?" त्यांनी फोन उचलला आणि नंबर शोधायला लागले.

तात्यासोंनी कपाळावर हात मारला. आत्या मात्र बसूनच होती.

"माझी कुणी केली न्हवती, म्हणून," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. "मला बघायला आलते तवा मी आत पोहे करत हुतो. बाहीर आलो तर ठरलंबी हुतं. आमच्या बाबांनी तिथल्या तिथं व्हय म्हणलेलं. घर बघितलं न्हाय, माणूस बघितला न्हाय. मला तर कुणी इचारलंच न्हाय. तवापासनं मी समद्यांची घरं बघून येतो."

शशिधरांनी फोन खाली ठेवला. तेही बसले. केळ्यांचा घड बाजूला सरकवला आणि वृषभकडं वळले.

"तुला रं? तुला कुणी इचारलंय का? पायजे का तुला ही नोकरी?"

"पायजे," वृषभ म्हणाला. घसा खाकरावा लागला नाही. "मला हेच काम करायचं हाय. आत्या, तू न्हाय म्हणलीस तरी मी करणार."

तात्यासोंनी दचकून बहिणीकडं पाहिलं. आता भूकंप होणार, असं त्यांना वाटलं असावं. पण आत्यानं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "मग झालं की. पण सायेब, त्या संडासचं तेवढं बघा."

"सोमवारी ये," शशिधर वृषभला म्हणाले, आणि एक केळं सोलायला घेतलं.

परतीच्या बसची वाट बघत तिघं फाट्यावर उभे होते. वृषभला एवढा आनंद झाला होता की त्यानं शेजारच्या एका अनोळखी बाईला आपण होऊन कुठल्या तुम्ही म्हणून विचारलं. मग तो आत्याजवळ सरकला.

"आत्या, त्या वक्ताला तुला इचारलं असतं, तर काय म्हणाली असतीस?"

आत्यानं वाकून बस येते का ते पाहिलं.

"न्हाय म्हणलं असतं," ती म्हणाली. "तुझं आतोबा वाईट न्हवतं रं. पण मला शाळंत जायाचं हुतं."