समितीने लावलेलं लग्न

एका मुलीचं लग्न मी तिला न विचारता लावून दिलं. ती माझी मुलगी नव्हती. गावच्या तंटामुक्त समितीचा मी अध्यक्ष होतो, एवढाच काय तो माझा तिच्याशी संबंध.

गावातली भांडणं गावातच मिटावीत म्हणून सरकारने ही समिती काढली. धुऱ्याचे म्हणजे शेताच्या बांधाचे, सांडपाण्याचे वाद आमच्यापुढे यायचे. पण आमच्या गोंदियाकडे तिला आणखी एक काम चिकटलं. पोरगा-पोरगी एकत्र दिसले की आईबाप त्यांना समितीपुढे आणतात आणि समिती एकमेकांना हार घालायला लावून, लग्न लावून मोकळी होते. मग पेपरात फोटो येतो, त्यात मधोमध अध्यक्ष.

आणि हा अध्यक्ष पानठेल्यावर रोज सरकारच्या नावाने बोटं मोडणारा. उन्हाळी धान लावू नका असं सांगायला एक साहेब आला होता. त्याला मी चारचौघांत सुनावलं, "शेत माहं, विहीर माही. तुमी रस्ते करा, चोर धरा. माह्या धुऱ्यावर तुमचं काय काम?" प्रौढ माणसाने काय पिकवावं, कोणाशी संसार करावा हे त्याचं त्याने ठरवावं आणि तो दुसऱ्याला इजा करत नाही तोवर सरकारने दाराबाहेर थांबावं, हे मी मनापासून मानत होतो. आजही मानतो. फक्त सरकार म्हटलं की मला जीप आणि साहेब दिसायचे. ग्रामपंचायतीच्या सभागृहातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला मी मला कधी दिसलो नाही.

मुलगी नर्सिंग शिकत होती. जवळच्या सौंदड स्टेशनवरून रेल्वेने गोंदियाला जायची. गावातल्याच एका मुलाबरोबर ती तलावाच्या पाळीवर बसलेली कोणी पाहिली आणि तिच्या बापाने दोघांना आमच्यापुढे उभं केलं.

"अध्यक्षजी, आता तुमीच पाहा. गाव हसून राहिलं मले."

मुलाच्या बापाची हरकत नव्हती. मुलगा खाली मान घालून उभा. एक सदस्य म्हणाला, "दोघंही सज्ञान हायेत. हार बोलवा जी." दुसरा म्हणाला, "अध्यक्षजीचा हात लय शुभ हाये. मंगल कार्यालयच काढा जी आता." सगळे हसले. मीही हसलो.

मुलगी माझ्याकडे पाहत होती. "काकाजी, मले कोणी इचारलं का?"

"पोरगा पसंत हाये ना तुले? मग काऊन घाबरून राहिली?"

"पसंत हाये. पण लगन आता नाही पायजे. माहं शिक्षण बाकी हाये."

"लगनानंतर शिकता येते, बाई," असं म्हणून मी हारांची चौकशी करायला बाहेर पडलो. लग्न त्याच संध्याकाळी लागलं.

सासरच्यांनी तिचं कॉलेज बंद केलं. धानाच्या रोवणीला चिखलाच्या बांधीत वाकलेली ती मला रस्त्यावरून दिसायची आणि मी गाडीचा वेग वाढवायचो. पुढेपुढे तो रस्ताच सोडला. पण भीती सुटेना. अवेळी फोन वाजला की मी तो बायकोकडे सरकवायचो. तिचंच काही बरंवाईट ऐकायला मिळणार असं वाटायचं. बायको विचारायची, "काय झालं जी?" मी म्हणायचो, काही नाही.

मग एक दिवस तिचा सासरा समितीपुढे आला. सुनेने पुन्हा प्रवेश घेतला होता. नवरा तिच्या बाजूने होता, पण बापापुढे त्याचं चालत नव्हतं. ती गोंदियाच्या वसतिगृहात राहायला निघाली होती.

"लगन समितीनं लावलं," सासरा म्हणाला, "आता समितीनंच तिले समजवावं. घर सोडून नाही जाऊ देणार मी."

सदस्य माझ्या तोंडाकडे बघू लागले. थांब म्हटलं असतं, तर सगळं गाव तिला अडवायला उभं राहिलं असतं. जा म्हटलं, तर म्हातारा मी लावलेल्या लग्नावरच बोट ठेवणार होता. मग मी लावलेली बाकीची लग्नं? त्या मुलींना तरी मी कुठे विचारलं होतं?

ती दाराशी उभी होती. "आज तरी इचारून राहिले का, काकाजी? का आजही हार आणलेत?"

कोणी हसलं नाही.

मी सासऱ्याला म्हणालो, "भाऊ, हा समितीचा तंटा नाही. तिनं कुठं राहावं, काय शिकावं, हे तिचं ते पाहील. तिले अडवाचा अधिकार ना मले, ना तुमाले."

"मग लगन लावाचा अधिकार कोणी देल्ला होता जी?"

"कोणीच नाही."

मी त्या प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठलो. मी तिच्याकडे वळलो.

"बाई, तू नाही म्हणत होतीस आन् मी आयकून न आयकल्यासारखं केलं. तुह्या जिंदगीचा फैसला मी केला, मले तो हक्क नव्हता. चुकलो मी. माफ कर मले."