बुडबुडे

आमच्या पालमच्या शिवारात कुणाची पाणी उपसायची मोटार विहिरीत पडली, की बोलावणं माझ्या नवऱ्याला येतं. हे छाती भरून श्वास घेतात, बुडी मारतात, तळाशी मोटारीला दोर बांधतात आणि मगच वर येतात. दोनदा त्यांनी माणसंही काढली आहेत; त्याबद्दल ते घरात बोलत नाहीत. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी काठावर रडकुंडीला आले, तेव्हा त्यांनी मला समजावलं होतं, "पाणी गप हाय तवर भ्यायचं न्हाई. बुडबुडे आले तर समज, दम सुटला."

पुण्याला नोकरी करणाऱ्या आमच्या लेकीने आम्हा दोघांची अंदमानची तिकिटं काढली. बाबांना पाण्याचं वेड, तर पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरू दे, प्रवाळ बघू दे, असं तिचं म्हणणं. तिने एक व्हिडिओही पाठवला. त्यातला शिकवणारा पहिलाच नियम सांगत होता: खाली श्वास कधीच रोखायचा नाही. टाकीतली हवा छातीत कोंडून माणूस वर आला, तर ती फुगते आणि फुफ्फुस फाटतं.

माझी भाकरी तव्यावर करपली. कारण या माणसाला श्वास रोखण्यावाचून दुसरं येतं काय? सुईत दोरा ओवताना रोखतात, दाढी करताना रोखतात, बँकेत सही करतानासुद्धा रोखतात.

"पान्यात श्वास घ्यायचा म्हंजे काय चेष्टा हाय का?" हे हसले.

मला अजिबात हसू आलं नाही. मी शाळेत पहिलीचा वर्ग सांभाळते. तसंच यांना शिकवायला घेतलं. हे दाढीला बसले, की मी पाठीवर हात ठेवून म्हणायची, "घ्या. सोडा. घ्या." हळूहळू नुसता हात पुरू लागला. हात टेकला, की श्वास चालू.

बेटावर हे पाण्यात उतरले आणि मी बोटीत बसून राहिले, मला पोहता येत नाही. आमच्या विहिरीत कोपरापुढचा हात दिसत नाही. इथे यांचे बुडबुडे पार खालून वर येताना दिसत होते. मी त्यांच्यावरची नजर काढली नाही. मध्येच बुडबुडे थांबले. नावाडी आपला गुणगुणत बसला होता. मी बोटीची कड गच्च धरली आणि मोठ्याने म्हणाले, "घ्या!" थोड्या वेळाने बुडबुडे परत आले. तेव्हा कुठे मी कड सोडली.

"लय भारी हाय खाली!" वर आल्यावर यांची बडबड थांबेना. "ते प्रवाळ झाड म्हनावं का दगड, कळंना. एक मोठं कासव अंगावरच आलं अन् माझा दम कोंडला. तवा तुझा हात पाठीवर आल्यागत झालं बघ."

मी फुशारून गेले. गावी आल्यावर भेटेल त्याला ही गोष्ट ऐकवली.

मग उन्हाळ्यात शेजाऱ्याची मोटार पडली. त्या सकाळी बोलावणं आलं तेव्हा हे शर्टाला बटण लावत होते. सुईत दोरा ओवताना त्यांचा श्वास संथ चालू होता. का ते नीट कळेना, पण मी शाळा सोडून त्यांच्यामागे विहिरीवर गेले.

हे आत गेले, वरून पाणी मिटलं.

आणि बुडबुडे आले. आधी एक, मग घोळकाच. क्षणभर मला बरंच वाटलं, बोटीत वाटलं होतं तसं. मग आठवलं, यांच्या पाठीवर टाकी नाही.

"श्वास रोखा!" मी किंचाळले. पाण्याखाली कुणाला ऐकू जाणार?

हे वर आले ते काळेनिळे होऊन. दोघांनी ओढून पायरीवर घेतलं. यांचं पोटातलं पाणी ओकून झाल्यावर शेजारी म्हणाला, "वय झालं दादा आता." यांनी मला खुणेने जवळ बोलावलं.

"तळाला मोटार घावंना. घाबरलो," ते हळूच म्हणाले. "मग तुझा हात पाठीवर आला. अन् म्या श्वास घेतला."

मला रडताही येईना. तेवढ्यात शेजाऱ्याने चाचरत विचारलं, "जरा दम खाऊन परत बघता का?" आणि यांनी दोराकडे हात केला. मी तो दोर ओढून घेतला आणि त्याच्यावर बसले.

"मोटार गेली चुलीत," मी म्हणाले.

हे पाण्याकडेच बघत होते.