पडद्यावरून काढलेलं नाव

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरी नाही, सोबत्यांना नाही. ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हालाच का सांगतोय? ते मला नीट माहीत नाही.

मी पत्रकं लिहितो. पुसदला आमच्या घरी खाटेखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. बाबा ती छापून आणायचे, आणि मी वाचायला शिकलो ते त्यांच्यावरच. ज्याचं काम, त्याचं नाव — ही ओळ मी स्वतः कितीतरी पत्रकांत घातली आहे. सभेत ती म्हणताना माझा आवाज चढतो. अजूनही चढतो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे तुम्ही मला सूट देणार नाही.

तर — एक गेम होता. समुद्रावरचा. जुना, जाड ठिपक्यांच्या चित्रांचा, फारसा कुणाला ठाऊक नसलेला. माउसचा बाण न्यायचा आणि क्लिक करायचं — शिडावर, पिंपावर, झोपलेल्या खलाशावर — की खाली एक इंग्रजी वाक्य उमटायचं. कप्तान गायब झालेला. जहाजावरच्या आचाऱ्यानं त्याला शोधायचं. इरफाननं कुठूनसा घेतलेल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये तो निघाला. इरफान म्हणजे माझा कॉलेजपासूनचा दोस्त; त्याच्या अब्बांचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे. आम्ही ठरवलं, हे जहाज आपल्या बोलीत बोलायला लावू. समुद्र आम्ही दोघांनीही पाहिला नव्हता. म्हणून काय झालं?

खरी मजा इरफानच्या वाक्यांत होती. माझे खलाशी भाषण द्यायचे. त्याचा खलाशी डोळे न उघडता म्हणायचा, “काहून उठवून राह्यला बे? कप्तान काय माह्या खिशात आहे?” अडचण एकच — वाक्याची चौकट लहान. लांब वाक्य शेवटाला कापलं जायचं. अक्षरं मोजून मोजून आम्ही ती वाक्यं तासली. सगळं झाल्यावर सुरुवातीच्या चित्रात, जहाजाच्या खाली, त्याच चौकटीत मी दोन नावं टाकली. एका ओळीत त्याचं, दुसऱ्या ओळीत माझं.

मग दारव्ह्याला तरुणांचा एक मेळावा ठरला. गेम मोठ्या पडद्यावर दाखवायचा होता. पुढच्या खुर्च्यांवर कोण कोण पुढारी बसणार हे आदल्या दिवशी कळलं. आणि मला वाटलं — मुसलमान नाव दिसलं की ही माणसं तोंड वाकडं करतील. कदाचित उठून जातील.

कुणी मला काही बोललं होतं का? नाही. धमकी, इशारा, निदान एखादी कुजबुज? काहीच नाही. मीच बसलो आणि त्याची ओळ काढून टाकली. छापलेल्या मजकुरातली चूक काढावी तसा हात चालला. ह्याचाच धक्का मला अजून पचलेला नाही — भीती आत तयारच होती, फक्त मला तिची ओळख नव्हती. माझ्या आत ती कधी येऊन बसली? खाटेखाली ते गठ्ठे असताना?

मेळाव्याला इरफान अम्मीला घेऊन आला. जीपमध्ये दाटीवाटीत, इस्त्रीचा शर्ट चुरगळू नये म्हणून अंग चोरून बसलेला. पडदा उजळला, जहाज आलं, खाली माझं नाव. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेतून अम्मी त्याला विचारताना मला ऐकू आलं, “तेरा किधर है रे?”

“डिब्बे में नहीं बैठा होगा, अम्मी. कट जाता है.”

बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, “नाही बसलं न बे माहं नाव?”

“हो,” मी म्हणालो. “कापल्या जात होतं.”

एवढंच. खोटं त्यानंच तयार करून दिलं; मला फक्त हो म्हणायचं होतं. पण माझं नाव आडनावासकट त्याच्या नावापेक्षा लांब आहे, आणि ते बसलं होतं. महिनोन्‌महिने माझ्याबरोबर अक्षरं मोजणाऱ्याला हे दिसलं नसेल? मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

थोड्या दिवसांनी त्यानं नवी फाईल पाठवली. सोबत लिहिलं होतं, “आता बसते. पाह्य.” नाव छाटून त्यानं नुसतं ‘इरू’ केलं होतं. अम्मी त्याला घरात तशी हाक मारते.

मी ती चालवून पाहिली. ‘इरू’ व्यवस्थित बसलं होतं, पुढे भरपूर जागा उरली होती. मी ती फाईल बंद केली आणि गेम मागणाऱ्या लोकांना जुनीच पाठवली — माझ्या एकट्याच्या नावाची.