चटयांची वाट

सासूबाईंचं परतीचं विमान दुसऱ्या दिवशी होतं आणि जाण्यापूर्वी त्यांना समुद्रात पाय बुडवायचे होते. म्हणून दोहाहून आम्ही सिमैस्मा गावाच्या किनाऱ्यावर गेलो. तिथे लाटा नाहीत, गर्दी नाही. पण थोडं पुढे जाताच सासूबाईंची व्हीलचेअर वाळूत रुतली. मी आणि नवरा ढकलून दमलो.

शेजारी एक बुरख्यातली बाई घरच्यांबरोबर चटयांवर बसून जेवत होती. आमचं मराठी ऐकून ती ताडकन उठली.

“उठा रे सगली! बिर्याणी हातात घ्या!”

बोलण्यावरून रत्नागिरीकडची वाटली. बाह्या सारून तिने चाकांपुढे एक चटई अंथरली, तिच्यापुढे दुसरी. खुर्ची सरकली की मागची चटई उचलायची, झटकायची आणि पुढे घालायची. घरचे ताटं धरून उभे होते.

“अहो, चटया भिजतील,” मी म्हटलं.

“सुकतील घरी. आजी परत कधी येनार?”

सासूबाईंचे पाय पाण्यात गेले. त्यांनी डोळे मिटले आणि त्या बाईचा हात धरला; एरवी माझ्याशिवाय त्या कुणाचाच हात धरत नसत. मी तिचं नाव विचारणार, तेवढ्यात सासूबाई मला म्हणाल्या, “तू जा, गाडीत बस. मी हिच्याजवळ आहे.”

हाकलून दिल्याचा इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.