सरांच्या इंजिनाला मी दिलेलं अर्थिंग

आमच्या विज्ञानाच्या सरांसमोर त्यांच्या छोट्या आगगाडीच्या इंजिनाला खेळणं म्हणायचं नाही, मॉडेल म्हणायचं. हे मला आठवीपासून माहीत आहे. विजेचा धडा आला की सर टेबलावर रूळ मांडत, वीतभर लांबीचं ते काळं इंजिन चालवत आणि मग वरचं टोपण काढून आतली मोटर दाखवत. उघडलेली मोटर मी पहिल्यांदा पाहिली ती तिथे. वडिलांची शेती डोंगरउताराची, पावसाच्या भरवशाची. नाचणी आणि वरई. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. डिप्लोमाचा फॉर्म सरांनी मला शेजारी बसवून भरून घेतला, आणि डिग्रीला गेलो तोही त्यांच्याच आग्रहाने. आज मी बोईसरच्या एका कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर आहे.

निवृत्तीनंतर सर पालघरला राहतात. गेल्या दिवाळीत त्यांच्या मुलीने परदेशातून नवं इंजिन आणि डिजिटल कंट्रोलर आणला. या पद्धतीत रुळांत करंट कायम पूर्ण असतो. प्रत्येक इंजिनात डिकोडर नावाची नखाएवढी चिप असते. तिला स्वतःचा नंबर असतो आणि त्या नंबरला आलेला हुकूमच ती मोटरला देते. म्हणून एकाच रुळावर दोन इंजिनं वेगवेगळी चालवता येतात. जुन्या इंजिनात चिप नव्हती. ते नव्या रुळावर ठेवलं की नुसतं गुणगुणायचं आणि तापायचं.

“याची जागा आता शोकेसमध्ये,” सर म्हणाले. पण इंजिन हातातून खाली ठेवेनात.

“सर, मी चिप बसवतो.”

“चाळीस वर्षांची मोटर आहे. अशी दुसरी मिळत नाही आता.”

“सांभाळून करतो.”

डिकोडरसोबतच्या कागदावर एकच गोष्ट ठळक होती: मोटरचा इंजिनाच्या सांगाड्याला कुठेही स्पर्श नको. कारण रुळावरचा करंट चाकांतून त्या धातूच्या सांगाड्यातच येतो. मी मोटर सोडवली, खाली प्लास्टिकची पट्टी घातली, नायलॉनचे स्क्रू लावले, मीटरने तपासलं. सगळं बरोबर होतं.

मग मी माझं डोकं चालवलं. आमच्या कारखान्यात मोटरच्या बॉडीला अर्थिंग नसेल तर ती सुरू करायची परवानगीच नाही. दहा वर्षांत मी अर्थिंग तपासल्याशिवाय एकही मोटर सोडलेली नाही. त्याच सवयीने मी तांब्याची एक बारीक तार मोटरच्या बॉडीपासून सांगाड्यापर्यंत जोडली, अगदी सुबक. पुन्हा मीटर लावला नाही.

रविवारी सरांच्या घरी रुळावर इंजिन ठेवलं, कंट्रोलर चालू केला. टिचकीएवढा आवाज झाला आणि जळका वास सुटला.

सरांनी उठून खिडकी उघडली. मग म्हणाले, “राहू दे आता. मोटर गेली असेल तर मला कळायलाच नको.”

“सर, एकदा बघू द्या.”

“हट्ट करू नकोस.”

“करतोय, सर.”

त्यांनी इंजिन रुमालात गुंडाळून माझ्याकडे दिलं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी ते आमच्या कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियन काकांसमोर ठेवलं. काका चिंचणीचे, घरच्या बोटीच्या इंजिनाची वायरिंग लहानपणापासून करत आलेले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी आत पाहिलं आणि हसायलाच लागले.

“साहेब, ह्याला अर्थिंग कोनी दिली?”

“मीच.”

“आरं देवा! तुमच्या मोटारसायकलला अर्थिंग हाय काय? बॉडीतनंच करंट फिरतो ना तिथं? आनि ह्या जुन्या मोटरचा एक ब्रश, म्हंजे करंट आत नेनारा कोळसा, तिच्या बॉडीलाच बसवलेला हाय, हे बगा. रुळाचा करंट तुमी ह्या तारंनं सरळ मोटरीत नेऊन सोडला. चिप बिचारी मधीच मेली.”

“आणि मोटर?”

“ती कशाला मरंल? बॅटरी लावून बगा. तुमी इंजिनेर लोक आदी रडता, मग मीटर काडता.”

नऊ व्होल्टची बॅटरी आणायला मी स्टोअरकडे जवळजवळ पळतच गेलो. तारा टेकवल्या. मोटर आधी थरथरली, मग फिरली. काकांनी डबा पुढे केला, “आता जेवा.”

दुसरा डिकोडर यायला तीन आठवडे लागले. या वेळी माझी तार काढून टाकली आणि सोल्डरच्या प्रत्येक टाक्यानंतर मीटर लावला: दोन्ही ब्रश ते सांगाडा, दोन्ही ब्रश ते चाकं. करंट बंद असताना, टोपण बसवण्याआधी आणि बसवल्यावरही. वहीत लिहून ठेवलं, कारण स्वतःच्या हातांवर माझा विश्वास उरला नव्हता.

पालघरला पोचलो तेव्हा सरांनी रूळ पुसून ठेवले होते. नवं इंजिन स्टेशनाजवळ उभं केलं होतं. मी कंट्रोलर त्यांच्या हातात दिला.

“तूच चालव.”

“नाही सर, तुम्ही.”

त्यांनी जुन्या इंजिनाचा नंबर दाबला आणि बटण अगदी थोडं फिरवलं. इंजिन हललं. इतक्या सावकाश ते पूर्वी कधीच चाललं नव्हतं. चाकांचे आरे मोजता येत होते. नवं इंजिन जागचं हललं नाही. फक्त जुनं पुढे जायच्याऐवजी मागे निघालं होतं.

“उलटं जातंय रे!”

“मोटरच्या तारा अदलाबदल झाल्या, सर.”

“म्हणजे पुन्हा उघडणार?” त्यांनी बटणावरची पकड घट्ट केली.

“नाही. कंट्रोलरवरून डिकोडरमधला एक आकडा बदलायचा. आत्ता करतो, द्या इकडे.”

मी हात पुढे केला. सरांनी कंट्रोलर दिला नाही.

“थांब जरा. आधी त्याला उलटी का होईना, एक फेरी पुरी करू दे.”