पाच वॉटचा ॲम्प

लग्नानंतर सुटलेली गिटार मी अठ्ठावन्नाव्या वर्षी पुन्हा हातात घेतली आणि परवडणारा, जुन्या पद्धतीचा काचेच्या व्हॉल्व्हचा ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकर, शोधत ठाण्याला गेले. सगळ्या दुकानांत "मुलासाठी का?" असं विचारलेलं. एका म्हाताऱ्या दुरुस्तीवाल्यांनी मात्र काहीच न विचारता गिटार माझ्या हातात दिली आणि मी वाजवत असताना एका छोट्या ॲम्पवर तळवा ठेवून, डोळे मिटून ऐकलं. मी मोठ्या ॲम्पकडे बोट दाखवलं.

"तो फ्लॅटमध्ये आवाज दाबूनच वाजवायला लागेल," ते म्हणाले. "आवाज खोलल्याशिवाय व्हॉल्व्ह गात नाय. तुम्ही आधीच घाबरत वाजवताय. हा पाच वॉटचा घ्या, स्वस्त पण आहे, आणि पूर्ण खोला."

डोंबिवलीला घरी येऊन मी आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि वाजवायला लागले. थोड्या वेळाने दारात वरच्या मजल्यावरच्या काकू उभ्या. मी माफी मागायला लागले, तर त्या म्हणाल्या, "अगं, थांबलीस का? मी ऐकायला आलेय."