सहाशे तेराची सकाळ

मास्तरांच्या शिलाई मशीनवर १२२७८३९ हा नंबर कोरलेला होता. ती मूळ संख्या आहे, तिला एक आणि ती स्वतः सोडून कशानेही भाग जात नाही, हे गिऱ्हाइकाला शर्टाचं माप देण्याआधी ऐकावं लागे.

हा शोध मास्तरांनी लग्नानंतर दुसऱ्या वर्षी लावला. एवढी संख्या दोन संख्यांच्या गुणाकाराने बनलेली असलीच, तर त्यातली धाकटी अकराशे आठच्या पुढे जाऊच शकत नाही. म्हणजे तिथवरच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की झालं. रोज दुकान उघडलं की कापायच्या टेबलाच्या कोपऱ्यात खडूने त्या दिवसाचा भाजक लिहायचा, भागायचं, बाकी उरली की पुसायचं. पुसलेला तो झालेला, उद्या पुढचा. सहा-एक महिन्यांत नंबर सिद्ध झाला आणि मास्तरांची मान जी ताठ झाली ती झालीच.

आता दुकान लेक चालवते. पायाने मशीन हाणून तिचे गुडघे सुजले होते.

"बाबा, मोटारीचं मशीन घेऊ या ना."

"आणि हे भंगारात? या नंबराला भाग जाईल त्या दिवशी घे मोटार!"

"अहो, नंबर आहे की जावई?" आतून बायको म्हणाली.

लेक चिडली. गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून ती मोबाइलवर तीनपासून भागत सुटली. दुपारी तिने मान वर केली, तेव्हा तिचा चेहरा पाहून आईने घाबरून विचारलं, "कोण गेलं गं?"

"सहाशे तेराने भाग जातो. दोन हजार तीन वेळा."

मास्तर हसले. मोबाइल बिघडलाय म्हणाले. मग खडू घेतला. बाकी शून्य. परत मांडलं. शून्य. तिसऱ्यांदा खडूच मोडला. मास्तर स्टुलावर बसले ते तोंड उघडं टाकूनच. एक गिऱ्हाईक आलं, पाहिलं आणि पँट न मागताच परत गेलं.

"सहाशे सात केलेला आठवतो," ते म्हणाले. "सहाशे सतराही. सहाशे तेरा मी लिहिला होता... आणि तेवढ्यात तुला कळा सुरू झाल्याचा निरोप आला."

"गळ्यात टेप तसाच ठेवून दवाखान्यात आला होतात," बायको हळूच म्हणाली.

"परत आलो तर टेबल स्वच्छ. मला वाटलं, झालाय. पुसला कोणी?"

"तुमच्या आईने. बाळाची झबली कापायची होती ना."

ती झबली जिच्यासाठी कापली, ती आता डोळे विस्फारून खडूच्या शून्याकडे बघत होती. "म्हणजे मी जन्मले म्हणून?"

अजूनही गळ्यात असलेला टेप काढून मास्तरांनी तिच्या हातात दिला.

"जा, मोटारीचं घेऊन ये. आणि त्याचा नंबर तूच भाग. माझा माझ्यावर भरवसा उरला नाही."